पंधरा वर्षांची जिप्सी आणि सुधारणांची यादी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून देखभाल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या आणि नेरुळ येथे राहणाऱ्या एका गृहस्थांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकहून एक मारुती जिप्सी किंग विकत घेतली. कापडी छताच्या या पेट्रोल गाडीची पहिली नोंदणी ऑक्टोबर २०१० मधील असल्याने नोंदणीची पंधरा वर्षे त्याच वर्षाअखेर भरणार होती. खरेदीची किंमत सव्वाचार लाखांच्या आसपास होती आणि सुधारणांसाठी आणखी दोन लाख रुपये बाजूला ठेवलेले होते. मालकांची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत; गाडीविषयीचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

जिप्सी भारतात १९८५ च्या अखेरीस आली, ती ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले आणि २००० मध्ये त्याच क्षमतेचे सोळा व्हॉल्व्हचे, ८० अश्वशक्तीचे इंजिन बसले. पुढे उत्पादन थांबेपर्यंत मूळ रचना जवळपास तशीच राहिली: शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस (इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी). लष्कराने ही गाडी मोठ्या प्रमाणावर वापरल्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही सापडतात. मालकांनी ही गाडी निवडली त्यामागे हेच मुख्य कारण होते.

गाडी हवी होती ती मुरबाड तालुक्यातील शेतासाठी. शिळफाटा, कल्याण, मुरबाड असा साठ-सत्तर किलोमीटरचा पक्का रस्ता संपला, की पुढे दोन-तीन किलोमीटरची कच्ची वाट लागते. त्या वाटेत एक ओढा आहे आणि ओढ्यातून वर येणारा तांबड्या मातीचा चढ आहे. पावसाळ्यात या चढावर मोटारसायकलीही ढकलत न्याव्या लागतात.

अडचण

मार्चमधील पहिल्याच फेरीत गाडी त्या चढावर अडकली. ओढा कोरडा होता, पण चढावर ट्रॅक्टरच्या येण्या-जाण्याने फुफाटा झालेला होता. फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा पुढे टाकलेला होता आणि मीटरवरचा दिवाही लागलेला होता. तरीही मागची चाके जागेवरच फिरत राहिली आणि गाडी हळूहळू कडेला सरकली. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने तिला ओढून काढले. परतीच्या वाटेवर शिळफाट्याजवळच्या पुलाच्या सांध्यावरून जाताना, वेग साठ-पासष्ट असताना, स्टिअरिंग एवढे थरथरू लागले की वेग जवळजवळ शून्यावर आणल्याशिवाय ते थांबेना.

गाडीत पुण्याहून आलेला पुतण्या होता. त्याला अशा गाड्यांची हौस असून थोडाबहुत अनुभवही आहे. त्याने रात्रीतून यादी तयार केली: दोन इंची लिफ्ट किट, २३५/७५ आर १५ मापाचे मड टायर, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारी मोटर), एलईडीची पट्टी, जमल्यास मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल लॉक (डिफरन्शियल म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांत ओढ वाटणारे गिअर; लॉक केले, की दोन्ही चाके एकत्र फिरतात). "काका, ही गाडी मूळ अवस्थेत अपुरीच पडते, सगळेच बदलतात," असे त्याचे म्हणणे होते. यादीचा खर्च दोन लाखांच्या पुढे जात होता, पण मालकांची त्याला फारशी हरकत नव्हती.

पत्नीची तक्रार वेगळीच होती. त्यांना कमरेचा त्रास आहे. "अहो, उंच करताय म्हणजे मी चढायचं कसं, तेही ठरवा," एवढेच त्या म्हणाल्या. हा मुद्दा त्या वेळी कोणी फारसा मनावर घेतला नाही. पुढे निर्णयात मात्र तो मोजला गेला.

सल्ल्यासाठी हे प्रकरण प्रस्तुत लेखकाकडे आले ते याच टप्प्यावर. यादीतील कोणतीही वस्तू मागवण्यापूर्वी गाडी जॅकवर चढवून पूर्ण तपासावी, एवढीच अट घातली आणि मालकांनी ती मान्य केली. आयुष्यभर यंत्रांची देखभाल केलेल्या माणसाला ही अट पटवावी लागली, याचे नवल वाटते. पण हौसेच्या वस्तूला आपण कारखान्यातली शिस्त लावत नाही, हेही तितकेच खरे.

तपासणीत काय निघाले

तुर्भ्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी तपासली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या अर्ध्या तासातच सापडली. या गाडीच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवून लॉक करायचे हब आहेत; ते लॉक केले, की चाक शाफ्टशी जोडले जाते. उजव्या हबची चकती 'लॉक' या खुणेपर्यंत फिरत होती, पण आतला भाग गंजून जागीच बसलेला असल्याने हब प्रत्यक्षात मोकळाच राहत होता. जिप्सीचे डिफरन्शियल साधे असते. ज्या बाजूला अडथळा कमी, सगळे फिरणे ते त्याच बाजूला जाऊ देते. एक हब मोकळा राहिला, की त्या बाजूचा शाफ्ट नुसताच फिरतो आणि दुसऱ्या चाकालाही ओढ मिळत नाही. दांडा टाकलेला आणि दिवा लागलेला असूनही गाडी केवळ मागच्या दोन चाकांवर चालत होती. मार्चमधील तो चढ जिप्सीने फोर-व्हील ड्राइव्हमध्ये कधी चढून पाहिलाच नव्हता.

थरथरीचे मूळ पुढच्या नकलमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या सांध्यात, निघाले. मिस्त्रींनी पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवले तेव्हा किंगपिनच्या (नकल ज्या खिळीवर फिरते तिच्या) बेअरिंगमधील ढिलाई हाताला स्पष्ट लागली. पुढे टाय रॉड सोडवून, मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा नकलच्या डोळ्यात अडकवून त्यांनी तो हळूच ओढला. नकल फिरायला किती जोर लागतो हे काट्यावर दिसते आणि किती लागायला हवा ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. इथे काटा जेमतेम हलला. "साहेब, टायर मोठे टाकाल तर ही थरथर दुप्पट होईल," असे मिस्त्री म्हणाले. ते खरेही आहे, कारण जड चाक ढिल्या नकलला अधिक जोराने हिसके देते.

पुढच्या डिफरन्शियलचे तेल काढले तर ते दूध घातलेल्या चहासारखे निघाले. पाण्यातून जाताना गरम अ‍ॅक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि हवा ये-जा करण्याची श्वासनळी तुंबलेली असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ट्रान्सफर केसच्या तीनपैकी दोन रबरी माउंटिंग फाटलेल्या होत्या. मागच्या ड्रमचा एक सिलिंडर पाझरत होता. पेट्रोलच्या रबरी नळ्या मूळच्याच होत्या आणि वाकवल्यावर त्यांना बारीक भेगा दिसत होत्या; आता सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असताना पंधरा वर्षांच्या रबरावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हते.

खरी धास्ती वाटली ती पत्र्याची. चालकाच्या पायाखालचे रबरी मॅट उचलल्यावर काळे, घट्ट डांबर दिसले. ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तेव्हा खाली पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्याखाली तळहाताएवढे भोक निघाले. मागच्या बॉडी माउंटिंगचे एक ब्रॅकेट हातोडीच्या हलक्या ठोक्यानेच तुटले. चासीच्या मुख्य लांब पट्ट्या मात्र सर्वत्र खणखणीत वाजल्या. तिथे आवाज बद्द आला असता तर हे प्रकरण सुधारणांचे राहिले नसते, गाडी परत विकण्याचे झाले असते.

पर्यायांची छाननी

तपासणीनंतर यादीवर पुन्हा चर्चा झाली. पुतण्याचे म्हणणे असे, की दुरुस्ती तर करायचीच आहे, मग एकदाच सगळे उघडल्यावर लिफ्ट आणि टायरही का घालू नयेत? मजुरी वाचते, हा युक्तिवाद बिनबुडाचा नव्हता.

लिफ्ट किटबाबत एक मूलभूत गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत कमानी उंच केल्याने चासी आणि बॉडी वर जाते, पण जमिनीच्या सर्वांत जवळ असलेला डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरचा व्यासच वाढवावा लागतो. लिफ्टचा उपयोग होतो तो मोठ्या टायरला जागा करून देण्यासाठी आणि गाडीचे पोट उंचवट्यावर टेकू नये म्हणून. त्याची किंमतही असते: प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढतात, पुढच्या चाकांचा कास्टर (वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) बदलतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि जेमतेम दीड मीटर रुंदीच्या या गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. शिवाय चढायची पायरी दोन इंचांनी उंच होते. पत्नीचा मुद्दा इथे आला.

टायरचा हिशेब कागदावर मांडला. मूळ २०५/७० आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. म्हणजे डिफरन्शियल ३३ मिलिमीटरनी वर जाणार आणि मूळचे २१० मिलिमीटरचे अंतर २४० च्या पुढे जाणार. फायदा खरा आहे. मात्र व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो आणि चाकाशी मिळणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटते. या इंजिनाचा कमाल टॉर्क, सुमारे १०३ न्यूटन-मीटर, ४५०० फेऱ्यांवर मिळतो. खालच्या फेऱ्यांत त्याच्याकडे देण्यासारखे फारसे नसते आणि चिखलाच्या चढावर नेमकी तिथेच गरज पडते. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने धावत असेल, ही आणखी एक गोष्ट. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला नेरुळच्या सोसायटीच्या तळघरात रुंद टायरसह वळवणे साठी ओलांडलेल्या माणसाच्या खांद्यांना किती जड जाईल, याचाही विचार करावा लागला.

कायद्याची बाजूही होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली आहे. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या होत्या. रस्त्यावर असे बदल केलेल्या गाड्या सर्रास दिसतात, हे पुतण्याचे म्हणणे खरे होते. पण या गाडीला काही महिन्यांतच वाशीच्या आरटीओसमोर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीसाठी उभे राहायचे होते. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलांवर विमा कंपनी बोट ठेवू शकते, हा धोका तर नूतनीकरणानंतरही राहिला असता.

निर्णय

मालकांनी यादीतील प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न लिहिला: शेताची वाट आणि ऑक्टोबरची तपासणी, या दोन्हींपैकी कशासाठी ही लागते? लिफ्ट, विंच, लोखंडी बंपर आणि एलईडीची पट्टी लगेच गळाली. पुढे वापरायला चासीला भक्कम बसणारे ओढायचे हूक, रुंद पट्टा आणि एक फावडे पुरेसे होते. ट्रॅक्टर तर हाकेच्या अंतरावर आहे. हेडलाइट मंद होते, पण कारण बल्बमध्ये नव्हते. जुन्या स्विचमधून जाताना विजेचा दाब घटत होता. रिले बसवल्यावर मूळ बल्बचाच उजेड समाधानकारक झाला.

टायरवर मात्र वाद झाला. एक मधला पर्याय होता, २१५/७५ आर १५. हे माप बोलेरोला असल्यामुळे कुठेही मिळते, व्यास पाच टक्क्यांनीच वाढतो आणि अनेक जिप्सीमालक तेच वापरतात. मिस्त्रींचा कौलही त्याच बाजूने होता. मालकांनी तरीही मूळ मापातच, पण जाड नक्षीचे ऑल-टेरेन टायर घ्यायचे ठरवले, कारण हब दुरुस्त झाल्यानंतर गाडी मूळ मापावर काय करू शकते हे अजून कोणी पाहिलेलेच नव्हते. या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय हाच होता, असे माझे मत आहे. तो कोणत्याही सिद्धांतावर आधारलेला नव्हता. माहिती नसताना मोठा खर्च करायचा नाही, एवढीच त्यामागची भूमिका होती.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पुढे ढकलले. दुसऱ्या मॉडेलची मोटर बसवून देणारे कारागीर आहेत, पण त्या कामात मूळ स्टिअरिंग शाफ्ट कापावा लागतो. तो कापून पुन्हा जोडणे हे विमा आणि सुरक्षितता या दोन्ही बाबतींत परत न फिरता येणारे पाऊल ठरले असते.

प्रत्यक्ष काम

काम एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चालले. दोन्ही नकल उघडून किंगपिनची बेअरिंगे आणि सील बदलली. शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून काट्यावरचा जोर पुस्तिकेतील मर्यादेत आणला. दोन्ही हब खोलून, गंज काढून, नव्या ग्रीसने बसवले. दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचे तेल बदलले. अ‍ॅक्सलच्या श्वासनळ्यांना लांब नळी जोडून त्यांची टोके इंजिनाच्या खोलीत उंच नेली. या कामाला काहीशे रुपये लागतात आणि ओढा ओलांडणाऱ्या गाडीसाठी याहून मोलाची सुधारणा माझ्या माहितीत नाही.

कमानीचे पाटे सुटे करून घासले, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरले, सर्व बुश आणि शॉकअप नवे घातले. काही पाटे काढून टाकले तर गाडी मऊ होते, असे एकाने सुचवले होते. ते नाकारले, कारण शेतातून परतताना मागे पोत्यांचे वजन असते.

पत्र्याचे काम दुसऱ्या कारखान्याकडे गेले. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, ब्रॅकेट नवे बनवले, झिंकयुक्त प्रायमर मारून खालून जाड लेप दिला. खाडीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला हे काम टाळता येत नाही. यावर पंचेचाळीस हजारांच्या आसपास, पाच टायरवर चाळीस हजार आणि यांत्रिक कामावर पन्नास हजारांच्या घरात खर्च झाला. दोन लाखांतील उरलेली रक्कम तशीच ठेवली.

परिणाम

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस चांगला धरल्यावर गाडी पुन्हा त्या चढावर गेली. टायरमधली हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवली, हब लॉक केले, दांडा फोर-एलमध्ये (चारही चाकांच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या टप्प्यात) टाकला आणि दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबून मालकांनी गाडी वर घेतली. ती एकदाही थांबली नाही. फोर-एलमध्ये ट्रान्सफर केसचे गुणोत्तर १.४०९ वरून २.२६८ वर जाते, म्हणजे ओढ साठ टक्क्यांनी वाढते. हे साधन गाडीत पहिल्यापासून होते.

सर्व काही सुटले असे नाही. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा डिफरन्शियलला दोनदा घासला. इथे मोठा टायर उपयोगी पडला असता, हे मान्य करायला हवे. त्यावर तोडगा शेजारच्या शेतकऱ्याने सुचवला. "काका, गाडी किती उंच करत बसाल? दोन ट्रॉल्या मुरूम टाका, माझाबी ट्रॅक्टर नीट जाईल." दिवाळीनंतर मुरूम पडला, खर्च दोघांनी वाटून घेतला आणि घासणे थांबले.

थरथर पूर्ण गेली. बसण्याच्या सुखात फरक पडला, पण मर्यादित. मुरबाडला पोचल्यावर पत्नीला अजूनही पाठ शेकावी लागते आणि लांबच्या प्रवासाला त्या घरची दुसरी गाडी पसंत करतात. ऑक्टोबरमध्ये नूतनीकरणाची तपासणी एका खेपेत पार पडली. २०२२ पासून वाढलेले पाच हजारांचे शुल्क, पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट हा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नव्हता, पण उरलेल्या रकमेतून तो सहज भागला.

काय वेगळे करता आले असते

पत्र्याच्या कामाचा क्रम चुकला. मेअखेरीस हवेत दमटपणा वाढलेला असताना लेप दिला गेला आणि लेप मारणाऱ्या कारागिराने दरवाजांखालची व मागच्या कोपऱ्यांतील पाणी जाण्याची भोके बुजवली. सप्टेंबरमध्ये मागच्या कोपऱ्यात साचलेले पाणी हलताना ऐकू आले, तेव्हा हे लक्षात आले. भोके मोकळी केली, पण आत गंज धरायला तेवढे महिने पुरेसे होते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रत्येक भोकात आधी लाकडी खुंटी ठोकून, करून घ्यायला हवे होते. यांत्रिक काम नंतर चालले असते.

खरेदीच्या वेळी नाशिकमध्ये गाडी मोकळ्या, मऊ जमिनीवर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालवून पाहिली असती तर हबचा दोष तिथेच कळला असता आणि किमतीत घासाघीस करता आली असती. डांबरावर ही चाचणी घेता येत नाही आणि घेऊही नये, कारण पक्क्या कोरड्या रस्त्यावर जिप्सीचे पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांत ताणले जातात. विकणारे बहुधा डांबरावरच गाडी दाखवतात. मॅट उचलून पाहण्याला मात्र कोणतीच अडचण नव्हती.

मुरमाचा पर्याय सुरुवातीच्या चर्चेत आलाच नाही. गाडी, तिचे भाग आणि त्यांच्या किमती यांवर आठवडेच्या आठवडे बोलणे झाले. ज्या वाटेसाठी हा सगळा खटाटोप होता, ती वाट रोज वापरणाऱ्या माणसाला मात्र जूनपर्यंत कोणी विचारले नाही. लेखकाच्या प्रश्नावलीतही तो प्रश्न नव्हता. आता तो पहिल्या पानावर आहे.

सध्या विचाराधीन आहे तो छताचा प्रश्न. कापड शिवणींतून गळते आणि पुतण्या फायबरचे टणक छत सुचवतो आहे. नोंदणीपत्रात गाडी कापडी छताची म्हणून नोंदलेली असल्याने, असा बदल नोंदवून घेता येईल का हे वाशीच्या कार्यालयातून लेखी कळेपर्यंत मालकांनी नवे कापड शिवायला टाकले आहे.